पाणी नेमकं किती आलं होतं

६ जानेवारी

प्रिय मामा,

परवा गाडी सुटताना तू हात हलवलास आणि लगेच पाठ फिरवलीस, ते मी पाहिलं. सभेत दोन तास शेवटच्या बाकावर बसून एक अक्षर बोलला नाहीस, तेही पाहिलं. गवंडीकामाबद्दल बोलायला लागलास की तुला थांबवायला मामीला भांडं आपटावं लागतं. तो तू गप्प बसतोस म्हणजे माझं काहीतरी चुकलं असणार. फोनवर तुला ऐकू येत नाही. अर्धा फोन तू 'काय?' म्हणण्यात घालवतोस आणि उरलेला अर्धा मामी तुला ओरडून सांगण्यात. म्हणून हे पत्र.

माझं काम तुला माहीत आहे, तरी एकदा सांगते. पुरानंतर तुमच्या शाळेची इमारत धोक्याची ठरली आणि पाडली गेली. दोन वर्षं मुलं बाजाराच्या शेडमध्ये शिकतायत. नवी इमारत अशी हवी की पुन्हा पूर आला तरी टिकेल, जुन्या विटा-दगड वाया जाणार नाहीत, आणि ती कशी असावी हे ज्यांची मुलं तिथे शिकणार तेच ठरवतील. हे शेवटचं वाक्य आमच्या कार्यालयाच्या प्रत्येक कागदावर असतं. ते खरं करून दाखवायचं काम या वेळी माझ्या गळ्यात पडलंय, आणि मला ते मनापासून करायचंय.

म्हणून तर मी सगळ्यांना कागद आणि पेन्सिल दिली. पाडलेली शाळा आठवेल तशी काढा म्हटलं. लोकांना जे आवडायचं ते मोठं निघतं, नकोसं ते राहून जातं, असा माझा अनुभव आहे. एकेचाळीस चित्रं मिळाली. काल रात्रीपासून ती माझ्या टेबलावर पसरलीत आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

आमच्या नोंदीत शाळेला आठ खोल्या आहेत. एका ओळीत, पुढे वऱ्हांडा. छत्तीस चित्रांत खोल्या नऊ आहेत. नववी मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, भरपूर पायऱ्या असलेली. कोणी ती लहान काढली, कोणी सगळ्या शाळेपेक्षा मोठी. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने तर तेवढीच काढली, बाकी शाळा काढलीच नाही. ही कसली खोली असं मी सभेतच विचारत फिरले. शिंपी म्हणाला शिवणाची. हेडबाई म्हणाल्या पुस्तकांची. पोस्टमन म्हणाला, पोराला बरं नसलं की झोपवायची. आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, 'ती होय, ती नव्हतीच,' आणि स्वतः काढलेली खोली रबराने खोडत बसला, कागद फाटेपर्यंत.

नसलेली खोली छत्तीस माणसांना एकाच जागी कशी आठवते? या शाळेच्या विटा तू स्वतः रचल्यास. तूच सांग, खोल्या किती होत्या?

तुझी भाची


१५ जानेवारी

चिरंजीव नकाशेबाईस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आधी तुझ्या मामीने वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. मी वाचत होतो तेवढा वेळ ती समोर उभी होती, कशाला ते मी विचारलं नाही.

खोल्या आठ. तेव्हा मी विशीत होतो, थोरल्या मिस्त्रीच्या हाताखाली, आणि ओळंब्याची दोरी मीच धरायचो. आठ म्हणजे आठ. तू लोकांच्या हातात पेन्सिल दिलीस हीच चूक झाली. सुताराला दार काढायला सांगितलं तर तो बिजागरीच काढत बसेल. लोकांना शाळा आठवत नव्हती, मग हवी असलेली काढून टाकली. माणसाला एक खोली कायम कमीच पडते. तुझ्या मामीला विचार, ती तीस वर्षं मला हेच सांगतेय, आणि मी गवंडी असून ती बांधलेली नाही.

दुकानदाराचं मनावर घेऊ नकोस. त्याचा हात चित्रात वाईट आहे.

बाकी मंडळी तुझं कौतुक करतात. खिडक्या समोरासमोर म्हणजे वारा खेळेल, छतावरचं पाणी टाकीत, जुन्या विटा निवडून पुन्हा वापरायच्या, हे सगळ्यांना पटलंय. मी फक्त एक सांगतो. जोतं उंच घे. त्या जमिनीत ओल आहे. वाळवी आहे. विंचू निघतात. शिवाय पायऱ्या चढून वर गेलं की पोरांना शाळेत आल्यासारखं वाटतं, सपाटीवरून आत गेलं की गोदामात शिरल्यासारखं. पाच फूट घे. साडेपाच घेतलंस तरी कोणी हसणार नाही.

मामीची कंबर ठीक आहे. माझे कान होते तसेच.

मामा


२४ जानेवारी

प्रिय मामा,

पाच फूट जोतं? तुला शाळा बांधायची आहे की किल्ला?

हसू नकोस, मला खरंच बसून हिशेब करावा लागला. जोत्याची उंची, म्हणजे बाहेरच्या जमिनीपासून वर्गाच्या फरशीपर्यंतची, हौसेने ठरत नाही. चौथीतली एक मुलगी चाकाच्या खुर्चीत येते. तिला वर जायला उतार हवा, आणि एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो. पाच फुटांना साठ फूट. खेळायचं अंगण त्यातच संपेल. विंचवांसाठी मी मुलांचं अंगण घेऊ का?

उंची ठरते ती पूर किती आला होता यावरून. पुरानंतर सातव्या दिवशी तपासणी पथक आलं, त्यांनी लिहिलंय, दोन फूट. त्यावर एक फूट जास्त धरायचा असा नियम, म्हणून जोतं तीन फूट. तरी कागदावर विसंबायचं नाही म्हणून मी सभेत सगळ्यांना विचारलं होतं, शाळेत पाणी किती आलं? तू तिथेच होतास. पोस्टमन म्हणाला खांद्यापर्यंत. शिंपी म्हणाला नाकापर्यंत, मेलोच होतो. हेडबाई म्हणाल्या कमरेपर्यंत. दुकानदार म्हणाला मांडीपर्यंत. आणि ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, 'माझे पाय भिजलेच नाहीत.'

एकच शाळा, एकच दिवस, एकच पाणी, आणि कोणी बुडतंय तर कोणी कोरडं. मी काय समजायचं? सगळ्यांनी मिळून माझी थट्टा केली असंही एकदा वाटून गेलं. पण हेडबाई थट्टा करणाऱ्यातल्या नाहीत.

शेवटी अहवालाच्या मसुद्यात असं लिहिलंय: 'स्थानिकांच्या आठवणी परस्परविरोधी असल्याने कार्यालयीन नोंद ग्राह्य धरावी.' लिहिताना लाज वाटली. लोकांना विचारायचं म्हणून गेले आणि त्यांचं म्हणणं टोपलीत टाकलं. पण अहवाल २८ फेब्रुवारीला द्यायचा आहे, आणि एकदा जोतं मंजूर झालं की पुढची पन्नास वर्षं मुलं त्याच उंचीवर बसणार. म्हणून शेवटचं विचारते. तू विंचवांचं सगळं लिहिलंस, पाण्याचं एक अक्षर नाही. पाणी नेमकं किती आलं होतं?

भाची


२ फेब्रुवारी

चि. नकाशेबाईस,

दोन फूट कोणी सांगितलं तुला? ज्याने मोजलं तो बहुतेक टेबलावर उभा राहून मोजत होता.

मी पाहिलं नाही. त्या दिवशी मी पलीकडच्या वस्तीत एका घराचा गिलावा करत होतो. आलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. त्यामुळे किती आलं ते मला विचारू नकोस. आणि त्या मुलीलाही पुन्हा विचारू नकोस. लहान पोर आहे, घाबरली होती, काहीही सांगेल. तिच्या आईलाही ते आवडणार नाही.

पण तीन फूट करू नकोस. मी हात जोडून सांगतो. का ते सांगता येत नाही. चाळीस वर्षं भिंती बांधल्यात, त्यातली एकही कोणाच्या अंगावर पडलेली नाही. तेवढ्यावर विश्वास ठेवून पाच कर. उताराचं काहीतरी निघेल. उतार इमारतीला वळसा घालून ने, गाडीरस्ता डोंगराला घालतो तसा. तू शिकलेली आहेस, तुला सुचेल.

आठ खोल्यांचं मी सांगितलं ते सांगितलं. त्यावर पुन्हा पुन्हा विचारून म्हाताऱ्याला त्रास देऊ नये.

मामा

(पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

पाकिटावर पत्ता मीच लिहिते, त्याचं अक्षर टपालवाल्यांना लागत नाही. म्हणून ही चिठ्ठी आत जाते आहे. तुझं मागचं पत्र आल्यापासून हा माणूस जेवताना मध्येच हात थांबवून बसतो. गिलावा वगैरे खोटं आहे. त्याला एवढंच विचार, पूर ओसरल्यावर शाळेला चुना कशासाठी लावला. मी सांगितलं असं म्हणू नकोस. अर्थात घरात तिसरं कोणी नाही, त्यामुळे त्याला कळायचं ते कळेलच. - मामी


१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

आज मी तपासणी पथकाने काढलेले फोटो कपाटातून काढून घेतले. आधीही पाहिले होते, पण तेव्हा भेगा बघत होते. आज रंग बघितला.

गल्ल्यांमध्ये गुडघाभर गाळ आहे. दुकानाचं फळकूट झाडात अडकलंय. बाजाराची शेड चिखलाने माखली आहे. आणि या सगळ्यात तुमची शाळा पांढरीशुभ्र उभी आहे, लग्नाला निघाल्यासारखी. पूर ओसरून सात दिवस झालेत, लोकांकडे प्यायला पाणी नाही, आणि कोणीतरी शाळेला चुना लावत बसलंय. भिंतीवर पाण्याची रेघ असायला हवी होती, गाळाची तपकिरी रेघ, प्रत्येक घरावर आहे तशी. ती चुन्याखाली गेली. त्यामुळे पथकाला शाळेत काही मोजताच आलं नाही. त्यांनी चौकातल्या दिव्याच्या खांबावरची रेघ मोजली आणि तोच आकडा शाळेच्या नावाने लिहिला. आज त्यांची जुनी वही चाळली तेव्हा मला हे कळलं.

म्हणजे माझा दोन फुटांचा आकडा शाळेचा नाहीच. मग शाळेचा कोणता? मागच्या भिंतीच्या फोटोत एका जागी नवा गिलावा दिसतो, दरवाजाएवढा. तिथे काय होतं?

मामा, मी तुझी परीक्षा घेत नाही आणि तुला कोणापुढे उभंही करणार नाही. मी फक्त गोंधळले आहे. तीन फूट लिहिलं आणि चुकलं, तर पुढच्या पुरात जी मुलं आत असतील त्यांना मी काय सांगू? अजून अठरा दिवस आहेत.

मामीवर रागावू नकोस.

भाची


१८ फेब्रुवारी

चि. भाचीस,

मामीवर रागावलो नाही. तीच रागावली आहे, दोन वर्षं.

खोली होती. नववी. आम्हीच बांधली, पुरापूर्वी सहा वर्षं, मुलांच्या लांब सुट्टीत. शाळेने एका खोलीसाठी चार अर्ज केले होते, एकाचंही उत्तर आलं नाही. मग हेडबाई म्हणाल्या, आपणच बांधू. परवानगी कोणी मागितली नाही, कारण मागून झालं होतं. पोस्टमन पाणी वाहायचा, शिंप्याने बांबूंची परांची बांधली, दुकानदाराने लाकूड दिलं. मिस्त्री मी. टाकीमागची जमीन कायम ओली, आणि त्याआधी वाळवीने पुस्तकांचं एक कपाट साफ केलेलं, म्हणून मी जोतं पाच फूट घेतलं. मला पुढचं काही दिसत होतं असं समजू नकोस. मी वाळवीला घाबरलो होतो. पाण्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

पूर भर दुपारी आला, शाळा भरलेली असताना. मी तिथेच होतो, टाकीची गळती काढत. पोस्टमन आणि शिंपी अंगणात दोर धरून उभे राहिले आणि आम्ही पोरं एकेक करून त्या खोलीत चढवली. बासष्ट मुलं. तुझी दोन वेण्यांची मुलगी दारातच बसली होती. पाणी वरच्या पायरीच्या खाली येऊन थांबलं. तिचे पाय भिजले नाहीत हे अगदी खरं आहे. संध्याकाळी होड्या आल्या. एकाही मुलाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की पथक येणार, आणि विनापरवाना बांधकाम दिसलं तर नव्या इमारतींच्या यादीतून शाळा बाद होणार. आम्ही शेडमध्ये बसलो. कोणालाच ते करायचं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, मी बांधली, मीच पाडतो.

पडेना. दोन दिवस लागले. जन्मात पहिल्यांदा मला माझं काम चांगलं असल्याचा राग आला. ज्या खोलीने पोरं राखली तिच्या भिंतीवर मी हातोडी चालवत होतो आणि त्याच पोरांचे बाप विटा उचलत होते. ढीग दिसू नये म्हणून विटा घरोघरी वाटून टाकल्या. कोणी पायरी केली, कोणी पाण्याच्या पिंपाखाली घातल्या. शाळेच्या मागच्या भिंतीत खोलीकडे जाणारं दार होतं ते बुजवून गिलावा केला. तो डाग उठून दिसू लागला, म्हणून सगळ्या शाळेला चुना लावला. पाण्याची रेघ त्याखाली गेली. आम्ही काय पुसतोय ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

यावर पुन्हा कोणी बोलायचं नाही असं ठरलं. आणि तू येऊन कागद-पेन्सिल दिलीस. बोलायचं नाही असं ठरलं होतं. काढायचं नाही असं ठरलं नव्हतं.

मी तुला खोटं लिहिलं. इमारत हातची जाऊ नये म्हणून लिहिलं, आणि माझी लाज झाकावी म्हणूनही लिहिलं. दोन्हीतलं कोणतं जास्त, ते मला सांगता येणार नाही. आता तू काय करशील ते कर. फक्त पाच फूट कर.

मामा


२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी नियमांच्या फायली काढल्या. काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून. चार दिवस शोधलं. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या कारकुनाला विचारलं. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

असा नियम नाही, मामा. कधीच नव्हता. पालकांनी श्रमदानाने बांधलेली खोली एक अर्ज भरून नोंदीत घेता येते. पथकाने फार तर भिंतींची मजबुती तपासली असती, आणि ती तू मला सांगितलीसच. शाळा यादीतून बाद झाली नसती. ती खोली आज उभी असती आणि मुलं शेडऐवजी आळीपाळीने तिच्यात बसली असती.

हे लिहू की नको यावर मी दोन दिवस घालवले. पण तू मला खरं सांगितलंस, आता मी तुझ्यापासून लपवणं बरं नाही. मला फक्त एवढं कळत नाही की तुम्हाला हे सांगितलं कोणी?

आता पुढचं. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'जी खोली नाही, तिच्या पायरीवर पाणी कुठे होतं हे मी कशावरून मानू?' त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही. छत्तीस पेन्सिलींची चित्रं म्हणजे मोजमाप नव्हे. मात्र अहवाल त्यांनी थांबवला आहे. १२ मार्चला एक तरुण अभियंता येईल, लोकांना भेटेल, आणि तो लिहील तो आकडा शेवटचा. मला यायला मनाई आहे, कारण मुख्य साक्षीदार माझाच मामा.

लोकांना काही पढवू नकोस. सगळ्यांनी एकच आकडा घोकून सांगितला तर तो ओळखेल. जसं होतं तसं सांगू देत, परस्परविरोधी असलं तरी. ते वाक्य मी मसुद्यातून काढून टाकलंय. कोणाच्या आठवणी चुकल्या होत्या असं मला आता वाटत नाही, पण त्या जुळवायच्या कशा ते अजूनही समजत नाही.

तुझ्यावर रागावले आहे का, ते विचारू नकोस. आत्ता मला तेही नीट कळत नाहीये.

भाची


१४ मार्च

चि. भाचीस मामाचे आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आम्हाला ते कोणी सांगितलं हे मी आठवडाभर शोधलं. मी दुकानदाराकडून ऐकलं होतं. दुकानदाराकडे गेलो, तो म्हणाला पोस्टमनने सांगितलं. पोस्टमन म्हणाला शिंप्याने. शिंपी म्हणाला हेडबाईंनी. हेडबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मिस्त्री, मला तुम्हीच सांगितलं होतं.' गोल फिरून मी माझ्याच दारात आलो. बाहेरच्या कोणी तोंड उघडलं होतं की नाही, देव जाणे. आम्हाला कधी कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. ओट्यावर येऊन बसलो तेव्हा मामीने पाणी आणून दिलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

पढवलं कोणालाच नाही. मी फक्त घरोघर जाऊन विटा मागितल्या. का ते सांगितलं नाही, पण विटा पाहिल्यावर कोणाला सांगावं लागलं नाही. दुकानदाराने स्वतःची पायरी उकरली. पिंपाखालच्या आल्या, फुलझाडांच्या कडेच्या आल्या, काहींना अजून जुना गिलावा चिकटलेला. टाकीमागे खोलीचा पाया अजून जमिनीत आहे, त्यावर मी विटा रचल्या, सिमेंट-वाळूचा माल न लावता, मध्ये दगडगोटे भरून. मालाचा थर नसला की उंची कमी भरते, म्हणून पट्टीने मोजत पाच फूट होईतो थर चढवले. खोली नाही, चौथरा. वर दहा पोरं उभी राहतील एवढा. पायऱ्याही होत्या तेवढ्याच केल्या.

अभियंता सकाळी आला. पोरगाच आहे, बुटांची काळजी घेत चालणारा. त्याने वही उघडून विचारायला सुरुवात केली आणि पाचच मिनिटांत तुझ्यासारखाच झाला. खांदा, नाक, कंबर, मांडी, कोरडे पाय. तो म्हणाला, 'तुम्ही आधी आपसात ठरवून घ्या.' मी म्हणालो, साहेब, ठरवायचं काही नाही, ज्याने त्याने त्या दिवशीच्या जागेवर जाऊन उभं राहायचं.

पोस्टमन अंगणात उभा राहिला. त्याच्या शेजारी शिंपी, त्याच्याहून वीतभर बुटका, त्याचं नाक पोस्टमनच्या खांद्याला. हेडबाई वऱ्हांड्याच्या फरशीवर, ती अजून शाबूत आहे, अंगणापेक्षा दीड फूट उंच. दुकानदार रस्त्यावर आपल्या दुकानासमोर, तिथे जमीन दोन फुटांनी चढते. आणि दोन वेण्यांची मुलगी चौथऱ्यावर, कडेला. दोन वर्षांत ती वीतभर वाढली आहे, पण पायांना त्याचं काय.

मग मी माझी पाण्याची नळी काढली. तू लहानपणी तिने खेळायचीस. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं, मध्ये कितीही चढउतार असो. एक टोक मी पोस्टमनच्या खांद्याला लावलं, दुसरं अभियंत्याच्या हातात दिलं आणि त्याला एकेकाकडे पाठवलं. शिंप्याचं नाक, बरोबर. हेडबाईंची कंबर, बरोबर. दुकानदाराची मांडी, एक बोट खाली. चौथऱ्याची वरची पायरी, पाणी तिच्या सहा बोटं खाली. तो नळी घेऊन चौकापर्यंत गेला, तुमच्या दिव्याच्या खांबापाशी. तिथली दोन फुटांची रेघही त्याच पातळीत निघाली. चौक शाळेपेक्षा अडीच फूट उंच आहे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. पथकही खोटं नव्हतं. कोणीच खोटं नव्हतं, माझ्याशिवाय.

अंगणाच्या जमिनीपासून चार फूट सात इंच. दोन बोटांचा फरक धरून सगळे एका रेघेत. अभियंता परत आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. हेडबाई फरशीवरच खाली बसल्या. त्याने वहीत लिहिलं, एक फूट जास्त धरून जोतं पाच फूट सात इंच, आणि मला वाचून दाखवलं. मला ऐकू आलं नाही, म्हणून वही समोर धरली. मी त्यावर सही केली, बासष्ट मुलांच्या दिवशी मी तिथे होतो असं लिहून. उतार इमारतीला वळसा घालून न्यायचा, यावर चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा बाप आणि तो अर्धा तास दोरी धरून भांडले. अंगण थोडं जाईल. पोरं त्यावर नाराज आहेत, त्यांचं तू बघ.

जायच्या वेळी तो म्हणाला, 'आता या विटा काढून घ्या. ही सरकारी जागा आहे.'

सगळे माझ्याकडे बघू लागले. हातोडी पिशवीतच होती, आणि माल न लावलेला चौथरा, पाडायला अर्धा तास पुरला असता. मी म्हणालो, नाही काढणार. तो म्हणाला, 'मग मला तसं लिहावं लागेल.' मी म्हणालो, लिहा, आणि त्यात माझं नाव लिहा. त्याने विचारलं, विटा इथे ठेवता येतात असा काही नियम आहे का? मी म्हणालो, नियम मला माहीत नाही, साहेब, तुम्हीच शोधा आणि मला कागदावर दाखवा. मागच्या वेळी आम्ही कागद बघितला नव्हता.

त्याने काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी बरोबर केलं की उगाच अडवून धरलं, तेही मला नीट समजत नाही. विटा तिथेच आहेत. पोरं मधल्या सुट्टीत शेडमधून तिकडे जातात आणि वर चढून बसतात, मी कोणाला हाकलत नाही.

नवा नकाशा काढशील तेव्हा टाकीमागे तो चौथरा दाखव. मापं मी मागे लिहिली आहेत. लोकांनी सांगितला म्हणून नको, मी सांगतो म्हणूनही नको. तो तिथे आहे, म्हणून दाखव.

मामा